मुळांवरच्या गांठी : पाहुणा कीं चोर?

आपल्या स्वयंपाकघरांत तांदुळाचा डबा आणि डाळीचा डबा शेजारीं शेजारीं असतात. दोहोंतील दाणे एकाच पावसावर वाढले, एकाच उन्हांत पिकले. तरी त्यांच्या गुणांत अंतर केवढें! १०० ग्रॅम तांदुळांत सुमारें ७ ग्रॅम प्रथिन सांपडतें, तर तेवढ्याच तुरीच्या डाळींत तें २२ ग्रॅमांच्या आसपास भरतें. या धान्यांचा भेद आपल्या पूर्वाचार्यांच्या नजरेंतून सुटला नव्हता. चरकसंहितेंत साळ, गहूं, जव यांचा वर्ग शूकधान्य म्हणून निराळा केला आहे व मूग, उडीद, हरभरा यांचा शमीधान्य म्हणून निराळा. शूक म्हणजे कुसळ, शमी म्हणजे शेंग. ही वाटणी झाडाच्या शेंड्याकडे पाहून केलेली आहे. आज आम्ही वाचकांना त्याच झाडाच्या दुसऱ्या टोंकाकडे, म्हणजे मुळाकडे, नेणार आहों. कारण डाळीच्या डब्यांतील श्रीमंतीचा उगम तेथें आहे.

प्रथिन बनावयास नत्र लागतें. हें नत्र दुर्मिळ म्हणावें, तर आपण ज्या हवेंत वावरतों तिचा शेंकडा ७८ भाग नत्रवायूचाच आहे. परंतु या वायूचे दोन दोन परमाणु एकमेकांस तिहेरी बंधनानें असे जखडलेले असतात कीं, कोणत्याहि झाडाला तें बंधन स्वतःच्या बळावर तोडतां येत नाहीं. कोठार तुडुंब भरलेलें, पण किल्ली दुसऱ्याच्या कमरेला, अशी वनस्पतींची स्थिति आहे. मनुष्यानें हें कुलूप मोठ्या प्रमाणावर उघडलें तें १९१३ सालीं. हाबर व बॉश यांच्या पद्धतीचा पहिला कारखाना त्या वर्षीं जर्मनींत ओप्पाउ येथें सुरू झाला. तेथें शेंकडों अंशांची उष्णता आणि साध्या हवेच्या सुमारें २०० पट दाब द्यावा, तेव्हां कोठें नत्रवायूचा अमोनिया होई. आजचा युरिया त्याच मार्गानें आपल्या शेतांत येतो. आणि हेंच काम, भट्टीवांचून व दाबावांचून, हरभऱ्याच्या मुळाशीं ओलसर मातींत मुकाट्यानें चालूं असतें.

हरभरा, तूर, मूग, भुईमूग यांचें रोप हलक्या हातानें उपटून मुळें धुतलीं, तर त्यांवर मोहरीएवढ्या, क्वचित् वाटाण्याएवढ्या गांठी दिसतात. १७ व्या शतकांत माल्पिघी या इटालियन शास्त्रज्ञानें त्यांचीं चित्रें काढलीं, तीं कीटकांमुळें झाडांवर उठणाऱ्या गांठींच्या बरोबर. पुढें दोनशें वर्षें कोणी त्यांना रोग म्हणे, तर कोणी झाडाचें सांठवणीचें कोठार म्हणे. १८८६ सालीं हेलरीगेल व विलफार्ट या जर्मन संशोधकांनीं या वादाचा निकाल लावला. नत्र नसलेली वाळू भाजून त्यांनीं जंतुरहित केली व कुंड्यांतून ओट नांवाचें शूकधान्य आणि वाटाणा लावला. दोन्हीहि उपाशी राहिलीं. मग सुपीक जमिनीच्या मातीचें थोडें पाणी त्यांत घातलें. ओट होता तसाच खुरटलेला राहिला. वाटाण्याच्या मुळांवर मात्र गांठी आल्या आणि तो तरारून उठला. तेंच पाणी उकळून घातलें तर कांहींच घडेना. यावरून स्पष्ट झालें कीं, मातींत कांहीं सजीव आहे, तें वाटाण्याच्या मुळांत शिरतें, आणि त्याच्या शिरण्यानें झाड मरत नाहीं, तर जगतें. दोन वर्षांनीं, १८८८ सालीं, हॉलंडमध्यें बायरिंक यानें ते जंतु वेगळे काढून वाढवून दाखविले. पुढें त्यांना रायझोबियम हें नांव मिळालें. ग्रीक भाषेंतील मूळ व जीव या अर्थांच्या दोन शब्दांचा तो जोड आहे.

येथें सुज्ञ वाचकांच्या मनांत एक शंका उभी राहील. जंतु अंगांत शिरूं लागले कीं त्यांना हांकून देणें हा प्रत्येक सजीवाचा धर्म आहे. झाडांनाहि शत्रूला ओळखण्याचीं व मारण्याचीं साधनें आहेत. मग या एकाच जातीला दार उघडें कसें? आणि याच दारानें चोर आंत आला तर?

पहिला शब्द झाड बोलतें. नत्राची चणचण भासूं लागली म्हणजे मूळ फ्लॅव्होनॉइड जातीचीं द्रव्यें भोंवतालच्या मातींत सोडतें. मातींतल्या असंख्य जंतूंपैकीं योग्य जातीच्या रायझोबियमलाच या हांकेचा अर्थ लागतो, आणि तो उलट एक द्रव्य तयार करून पाठवितो. फ्रान्समध्यें तुलूझ येथील संशोधकांनीं १९९० सालीं या द्रव्याची घडण उलगडली. चार-पांच शर्कराकण माळेसारखे ओंवलेले व टोंकाला स्निग्धाम्लाची एक शेपटी, असें त्याचें रूप आहे. यांतील नवल असें कीं, ती माळ कायटिनची आहे. बुरशीचें कवच कायटिनचेंच असतें, आणि झाडांचे पुष्कळसे रोग बुरशीमुळें होतात. म्हणून एरव्हीं कायटिनचा तुकडा जाणवतांच झाड शत्रु आला असें समजून सज्ज होतें. येथें तीच माळ, पण शेपटी व दोन-चार बारीक अलंकार यांनीं तिचा अर्थ पालटला.

संस्कृत शिकलेल्या वाचकांना या ठिकाणीं ‘इंद्रशत्रु’ या शब्दाची कथा आठवेल. त्वष्ट्याला इंद्राचा घात करणारा पुत्र हवा होता. पण उच्चारांत स्वर चुकला, तत्पुरुषाचा बहुव्रीहि झाला, आणि इंद्र ज्याचा घातक आहे असा पुत्र पदरीं आला. अक्षरें तींच, एका स्वरानें घात केला. मुळाच्या दारांत हीच गोष्ट उलट बाजूनें घडते. अक्षरें शत्रूचीं दिसतात, पण स्वर मित्राचा असतो, आणि मूळ तो स्वर ओळखतें. हा स्वर ऐकणारीं प्रथिनें मूलरोमांच्या पृष्ठभागावर असतात. डेन्मार्कमधील संशोधकांनीं त्यांचा शोध २००३ सालीं प्रसिद्ध केला. त्यांचा कान इतका तिखट असतो कीं, हरभऱ्याचा जंतु सोयाबीनच्या दारांत उभा राहिला तर त्याला आंत घेतलें जात नाहीं.

ओळख पटली कीं मूलरोम वळूं लागतो. मूलरोम म्हणजे मुळाच्या एकाच पेशीचा केसासारखा लांब झालेला भाग. काठीची मूठ वळावी तसें त्याचें टोंक वळतें आणि वळणाच्या कुशींत जंतु सांपडतात. तेथें पेशीची भिंत आंत दबते आणि तिचीच एक सूक्ष्म नळी बनून आंत आंत वाढूं लागते. तींतून जंतु संख्येनें वाढत रांगेनें पुढें जातात. जुन्या वाड्यांत परक्याला ओटीपर्यंत मोकळीक असे. माजघरांत जावयाचें तर घरचें माणूस पुढें होऊन नेई. तसेंच हें आहे. वाट झाडानें बांधलेली असते, आणि त्या नळींत असेपर्यंत जंतु झाडाच्या शरीरांत असूनहि पेशींच्या बाहेरच असतात. इकडे मुळाच्या आंतल्या थरांतील पेशी, जंतु पोंचण्यापूर्वींच, विभागूं लागलेल्या असतात. पाहुणा वाटेंत असतांनाच त्याची खोली बांधली जाते, तीच गांठ. नळी तेथें पोंचली म्हणजे जंतु पेशींत सोडले जातात, पण तेहि झाडाच्या पातळ पापुद्र्यांत गुंडाळून. भुईमुगाची रीत थोडी वेगळी आहे: त्याचीं उपमुळें जेथें फुटतात तेथील फटींतून जंतु आंत येतात. मात्र दार कोठेंहि असलें, तरी ओळख पटविणें चुकत नाहीं.

आतां गांठीचा संसार पाहूं. नत्रवायूचें बंधन तोडणारें प्रथिन म्हणजे नायट्रोजिनेज. त्याच्या गाभ्यांत लोह व मॉलिब्डेनम हे धातु असतात. हें प्रथिन मोठें नाजूक आहे. प्राणवायूच्या स्पर्शानें तें निकामी होतें. उलटपक्षीं, नत्रवायूच्या एका रेणूमागें शक्तीच्या निदान १६ रेणूंचा खर्च येतो, आणि ही शक्ति मिळवावयास जंतूंना प्राणवायु पाहिजेच. हवा पाहिजे पण नको, अशी ही अडचण झाडानें सोडविली आहे. गांठींत तें एक लाल प्रथिन तयार करतें. तें प्राणवायूला धरून ठेवून जंतूंना मोजून मोजून देतें. १९३९ सालीं जपानमधील कुबो यानें दाखविलें कीं, हें लाल द्रव्य आपल्या रक्तांतील हिमोग्लोबिनच्याच कुळांतलें आहे. म्हणून चांगली गांठ फोडली तर ती आंतून गुलाबी निघते. वाचकांनीं हा रंग ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम आहे.

व्यवहार असा चालतो: पानें उन्हांत शर्करा बनवितात, तिच्यापासून झालेलीं सेंद्रिय अम्लें गांठीला पोंचतात, आणि जंतु त्यांच्या बदल्यांत अमोनिया देतात. हा पाहुणचार भोळेपणाचा नाहीं. आपल्याला किती गांठी परवडतील हें झाड ठरवितें. पहिल्या गांठी झाल्या कीं मूळ पानांना निरोप धाडतें, आणि पानांकडून ‘आतां पुरे’ असा उलट निरोप येतो. आलेला पाहुणा काम करतो कीं नाहीं, याचीहि पारख होते. २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगांत सोयाबीनच्या कांहीं गांठींना नत्रवायु नसलेली हवा दिली. नत्रच नाहीं, तेव्हां तेथील जंतूंना देण्यासारखें कांहीं उरलें नाहीं. थोड्याच दिवसांत असें आढळलें कीं, काम करणाऱ्या गांठींच्या मानानें या गांठींतील जंतूंची वाढ खुंटली. झाडानें त्यांच्या प्राणवायूचा पुरवठा आंखडता घेतल्याचीं चिन्हें होतीं. विश्वास ठेवावा, पण हिशेब सोडूं नये, हा संसाराचा धडा मूळ मुकाट्यानें पाळीत असतें.

झाडाला जी पारख येते ती शेताच्या मालकाला नेहमीं येतेच असें नाहीं. एका पौषांत आम्हांला एका गृहिणीचें पत्र आलें. एकत्र कुटुंब, घरचें काळें रान, त्यांत हरभरा. धाकट्या दिरांनीं दोन रोपें उपटून आणलीं, तीं मुळांवर गांठी. तालुक्याच्या गांवीं एका औषधविक्रेत्यानें तो मुळांचा रोग ठरवून कित्येक हजारांचें औषध सुचविलें. घरांत खटका उडाला तो निराळाच. वीस वर्षें शेत बटाईनें करणाऱ्या माणसानें बियाणें वाईट आणलें असा आळ आला आणि त्याला काढून टाकण्याची भाषा सुरू झाली. “मामंजी म्हणतात, या गांठी पूर्वींपासून असतात, पण त्यांचें आतां कोणी ऐकत नाहीं. खरें काय मानावें?” असें त्या बाईंनीं विचारलें होतें.

आम्हीं लिहिलें कीं, मामंजींचेंहि मानूं नये व विक्रेत्याचेंहि मानूं नये, गांठीलाच विचारावें. मुळांवर गांठी उठविणारा एक खरा चोरहि आहे. सूत्रकृमि या नांवाचे डोळ्यांना न दिसणारे कृमि मुळांत शिरतात, तेथील पेशी फुगवितात आणि बसून खातात. देत कांहींच नाहींत. दोघांची पारख पुढीलप्रमाणें करावी. शेताच्या निरनिराळ्या भागांतून पांच-सहा रोपें खुरप्यानें मातीसकट काढावींत व पाण्यांत हळूच धुवावींत. रायझोबियमची गांठ मुळाच्या बाजूला चिकटलेली असते व बोटानें सहज सुटते. हरभऱ्यावर ती पुष्कळदां बोटांसारखी फुटलेली दिसते. सूत्रकृमीची गांठ म्हणजे सुजलेलें मूळच. ती सोडवूं गेल्यास मूळच तुटतें. नंतर गांठ नखानें चिरावी. गुलाबी अथवा लाल निघाली तर पाहुणा कामावर आहे. पांढरी निघाली तर ती कोंवळी असेल किंवा निरुपयोगी जंतूची असेल. हिरवट-तपकिरी असेल तर तिचें आयुष्य संपलें. ही परीक्षा पीक फुलावर येण्याच्या सुमारास करावी. दाणे भरतांना गांठी झडूं लागतात, तेव्हां केल्यास फसगत होते.

आठ दिवसांनीं उत्तर आलें कीं, गांठी अलगद सुटल्या आणि आंतून लाल निघाल्या. औषध घेतलें नाहीं. बटाईदाराविषयीं त्या पत्रांत एक अक्षरहि नव्हतें. घरच्यांनीं तें बोलून मिटविलें असेल अशी आम्ही आशा करतों. कारण चुकीचा आळ हा मुळांतल्या कृमीप्रमाणें वरून न दिसतां पोखरीत राहतो.

ज्यांच्या शेतांत गांठी थोड्या किंवा पांढऱ्या निघतील, त्यांनीं दोन गोष्टींकडे लक्ष द्यावें. पहिली गोष्ट युरियाची. मातींत आयतें नत्र भरपूर असलें म्हणजे झाड हांक मारीत नाहीं व गांठी धरीत नाहीं. जें घरीं फुकट मिळालें असतें तें पैसे देऊन विकत घेतल्यासारखें हें होतें. हरभऱ्यासारख्या पिकाला पेरतांना हेक्टरी २०-२५ किलो नत्र रोपाच्या बाळपणापुरतें पुरतें. स्फुरद मात्र गांठींच्या वाढीला अवश्य पाहिजे. दुसरी गोष्ट बियाण्याची. ज्या रानांत तें पीक पूर्वीं झालेलें नाहीं, तेथें त्याच्या ओळखीचा जंतु नसण्याचा संभव असतो. अशा वेळीं त्याच पिकाचें जिवाणू संवर्धक घ्यावें, पाकिटावरील मुदत पाहावी, आणि १० किलो बियाण्यास २५० ग्रॅम या प्रमाणांत गुळाच्या पाण्यांत कालवून चोळावें. बियाणें सावलींत सुकवून लगेच पेरावें. उन्हांत ठेवलें कीं जंतु मरतात. बुरशीचें औषध लावावयाचें असल्यास तें आधीं लावावें, जंतु सर्वांत शेवटीं.

आणखी एका समजुतीविषयीं लिहिणें जरूर आहे. कडधान्य पेरलें कीं जमीन आपोआप सुपीक होते, असें सर्वत्र म्हटलें जातें. तें अर्धेंच खरें आहे. झाडानें मिळविलेल्या नत्राचा मोठा वांटा दाण्यांत जातो व दाण्यांबरोबर आपल्या डब्यांत येतो. जमिनीला राहतें तें मुळांत, देंठांत व पाल्यांत उरलेलें. तुरीचा पाला शेतांतच गळतो, म्हणून तिच्यामागून येणाऱ्या पिकाला लाभ होतो. हरभरा मुळासकट उपटून सर्व भूस घरीं नेलें, तर जमिनीच्या पदरांत फारच थोडें पडतें. विळ्यानें कापून मुळें मातींतच ठेवावींत. भूस गुरांना घातलें, तर त्याचें शेण शेतांत परत जाईल असें पाहावें. जमिनीलाच द्यावयाचें असेल, तर ताग अथवा धैंचा फुलावर येतांच गाडावा.

ज्यांना शेत नाहीं, त्यांनीं हेलरीगेलचा प्रयोग सज्जांत करून पाहावा. दोन कुंड्यांत धुऊन खरपूस भाजलेली वाळू भरावी, दोहोंत चिमूट चिमूट लांकडाची राख मिसळावी, आणि मूग पेरावे. एकींत, जेथें मूग, तूर किंवा भुईमूग होतो अशा शेतांतली मूठभर माती घालावी. दुसरींत तीच माती तव्यावर चांगली भाजून घालावी. उकळून गार केलेलेंच पाणी द्यावें. पहिले पंधरा दिवस दोन्हीं रोपें सारखींच वाढतील, कारण तोंवर त्यांची शिदोरी दाण्यांतली असते. महिना झाला कीं एकींतील पानें पिवळीं पडूं लागलेलीं दिसतील. मग घरांतील मुलांना बोलवावें, दोन्हीं रोपें धुवावयास सांगावें, आणि हिरव्या रोपाच्या मुळावरची एक गांठ त्यांनाच नखानें फोडूं द्यावी.